कॅल्डरचा बँड

"अगं पोरी, सरक जरा. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये आपली माणसं मूठभर, आणि त्यातही तू नेमकी माझ्याच कोटावर बसलीस!"

लिनियाने हसून कोट सोडवून दिला. म्हातारबुवांचं नाव वेंडेल. अंगात कॅल्डर कॉलेजचा हिरवा स्वेटर, कोपरांवर विरलेला. तिच्याही अंगात तसाच हिरवा. तेवढी ओळख पुरे होती.

कॅल्डर म्हणजे पार पूर्वेला, मेन राज्याच्या किनाऱ्यावरचं चिमुकलं कॉलेज. बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत ते पहिल्यांदाच पोचलं होतं आणि सामना पडला होता थेट देशाच्या मध्यावर, ओमाहात. लिनिया कॅल्डरलाच शिकलेली; आयडाहोतल्या घरून ती विमानं बदलत आली होती.

"एकटीच आलीस?"

"हो. माझी लेक आहे कॅल्डरला. पहिल्या वर्षाला."

"मग लेकीला भेटायला आलीस म्हण की!"

"ती येणार नाहीये. परीक्षा आहे म्हणाली."

मग तू कशाला आलीस, असं वेंडेलने विचारलं नाही, ते बरंच झालं.

टेस ऑगस्टमध्ये एकटीच निघाली होती. 'सोडायला येऊ नकोस, आई. मी काय बाळ आहे?' तेव्हापासून फोनवर सगळं छान. खोली छान, जेवण छान, समुद्र छान. पाळण्यात असल्यापासून अंगाई म्हणून टेसने कॅल्डरचं गाणंच ऐकलेलं. कोणतं कॉलेज, हा प्रश्न त्या घरात कधी निघालाच नव्हता. आता मात्र त्या 'छान'ने लिनियाची झोप उडवली होती. इथे कॅल्डरचं कुणी पोर भेटलं, तर तिला एवढंच विचारायचं होतं: आमची टेस रमलीय का रे तिथं?

तेवढ्यात बँड वाजायला लागला आणि लिनिया ताडकन उभी राहिली. खाली, मैदानालगत, हिरव्या शर्टातली पोरं उभी होती. दुसऱ्या रांगेत क्लॅरिनेट घेऊन टेस.

लिनिया पायऱ्या उतरून धावतच गेली. गाणं संपलं तशी टेसची नजर वर गेली. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

"आई? तू... इथं?"

"मी इथं! आणि तुझी परीक्षा गं, लबाडे?"

"ऐन वेळी ठरलं. कालच. खरंच, आई."

लिनियाने तिला घट्ट मिठीत घेतलं. शर्टाला कोऱ्या कापडाचा वास येत होता. पाठीवरच्या घड्याही मोडल्या नव्हत्या.

"नवे कोरे शर्ट दिलेत वाटतं?"

"हो. आई, जा ना वर. सर ओरडतील."

"जाते बाई. एकच सांग. आवडतंय ना तुला?"

टेसने मागे वळून बँडच्या पोरांकडे पाहिलं.

"खूप," ती म्हणाली. "खरंच खूप आवडतं मला, आई."

हा शब्द 'छान'सारखा नव्हता. तो पोटातून आला होता. लिनिया वर परतली ती जवळजवळ तरंगतच.

सामना सुरू झाला. समोर भलंमोठं सरकारी विद्यापीठ, त्यांचे पाठीराखे हजारांनी. मागून कुणीतरी ओरडलं, "कॅल्डर? हे कॉलेज आहे की खोकल्याचं औषध?"

"थांब, चमच्याने पाजतो तुला!" वेंडेल मागे वळून गरजला.

कॅल्डरच्या पोरांनी जिवाचं रान केलं. लिनियाचा अर्धा जीव मात्र बँडमध्ये होता. एवढ्या पोरांत टेसच तेवढी डोळे मिटून वाजवत होती. बाकीच्यांनी गाण्याचे कागद वाद्यांना चिमट्याने अडकवलेले.

"बघ आजकालची पोरं," वेंडेल कुरकुरला. "स्वतःच्या कॉलेजचं गाणं कागदावर बघून वाजवतात. आमच्या वेळी झोपेतून उठवलं तरी यायचं."

"माझी नाही बघत."

"ती तुझी? मग वाया नाही गेली हो!"

ट्रॉम्बोनवाल्या पोराने तर समोरच्यांच्या बास्केटला टाळ्या वाजवल्या. टेसने त्याला कोपराने ढोसलं, तेव्हा त्याने जीभ चावली.

"गाढवा, आपण हिरवे!" वेंडेल ओरडला, आणि लिनिया पोट धरून हसली.

शेवटी कॅल्डर हरलं. थोडक्यात हरलं, म्हणून जास्त लागलं. वेंडेलने डोळे पुसले, तिचा हात दाबला आणि काठी टेकत निघाला. टेस वाद्यं बसमध्ये ठेवायला गेली होती. लिनिया बँडच्या सरांपाशी गेली. ते खुर्च्या आवरत होते.

"आभार मानायला आले, सर. मेनहून एवढ्या लांब पोरांना घेऊन आलात. तुम्ही नसता तर आमचा आवाजच निघाला नसता."

"मेनहून?" ते हसले. "नाही हो मॅडम, आम्ही इथल्याच, ओमाहाच्या कॉलेजचे. छोट्या कॉलेजांना एवढ्या लांब बँड आणणं जमत नाही. मग त्यांचे शर्ट घालून आमची पोरं उभी राहतात. या स्पर्धेत असं चालतंच."

लिनियाने बसकडे पाहिलं.

"पण ती... क्लॅरिनेटवाली..."

"टेस ना? ऑगस्टपासून आमच्याकडे आहे, हिरा आहे पोरगी," सर म्हणाले. "कालपर्यंत तुमचं गाणं आमच्यात कुणाच्या कानावरही आलं नव्हतं. कुठून शिकली देव जाणे, पण तिनेच एकेकाला समोर बसवून शिकवलं."