तेवीस चकरा

बालाजी घाटाच्या पायरीवर बसून काशीनाथ मास्तर आजचा आकडा ठरवत होते. काल तेवीस सांगितला होता, परवा एकोणीस. आज एकवीस बरा. वीस, पंचवीस असे गुळगुळीत आकडे ते कधीच सांगत नसत. छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला एवढं कळतं, की खोटं उत्तर जरा वाकडंतिकडं असलं की खरं वाटतं.

पार्किन्सन जायचा नाही, डॉक्टर म्हणाले होते, पण रोज चालाल तर चालत राहाल. बसलात की बसलातच. बालाजी घाटावरून नदीकाठाने पंचगंगा घाटापर्यंत जायचं आणि परत यायचं, ही एक चक्कर. पहिले आठ दिवस मास्तर इमानेइतबारे चालले. नवव्या दिवशी वाटेतच पाय जमिनीला चिकटले. पुढे होईनात की मागे येईनात. त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता टक्कल पडलेला, धावत आला आणि काखेत हात घालून "आइए गुरुजी, आइए" करत त्यांना पायरीपर्यंत घेऊन गेला. नावाडी बघत होते, यात्रेकरू बघत होते. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून ते रोज सकाळी घरातून निघत, इथे बसत, आणि तासाभराने घरी जाऊन बायकोला आकडा सांगत. शरदिनी "बरं झालं" म्हणे आणि चहाचं आधण ठेवी. दोन महिने हे बिनबोभाट चाललं होतं.

"मास्साब, माताजी का घुटना किसी को दिखाइए."

फुलवाली सीता बादली घेऊन समोर उभी होती. वर मंगला गौरीच्या देवळाच्या दारात तिचं दुकान. फुलांवर शिंपडायला पाणी न्यायला ती रोज घाट उतरे.

"आज तो दीवार पकड़ के घूम रही हैं," ती म्हणाली.

"कुठे?" मास्तरांच्या तोंडून मराठीच निघालं. मग ते सावरले. "कहाँ घूम रही हैं?"

"मंदिर में, और कहाँ! मनौती माने हैं न. आप एक दिन जितना चक्कर चलें, दूसरे दिन देवी का उतना फेरा. आज तेईस है. हमसे तेईस फूल गिन के ले गईं." सीता हसली. "आप भी तो कम नहीं हैं मास्साब, इस उमर में तेईस!"

शरदिनीने नवस केला होता, आणि तो त्यांच्या खोट्या आकड्यांवर चालला होता. एकोणीस, सतरा, बावीस, नको म्हटलं तरी डोक्यात बेरीज होत गेली. बाराशेच्या पुढे गेली तेव्हा त्यांनी ती सोडून दिली. शरदिनीला सकाळी पाटावरून उठताना भिंत लागते, हे त्यांनी पाहिलं होतं. वय झालं, असं म्हणून ते पेपर वाचत बसले होते.

ते उठले आणि वर निघाले. पायऱ्या त्यांना तितक्याशा नडत नसत, सपाटीवरच पाय दगा देत. तरी देवळाशी पोचेपर्यंत सदरा घामाने भिजला. मंगळवार होता. बायकांची रांग प्रदक्षिणा घालत होती, आणि रांगेत एक हात भिंतीला लावून शरदिनी चालली होती. दुसऱ्या हातात फुलं होती. दर फेरीला ती एक फूल देवीपुढे टाकत होती.

"अहो, तुम्ही वर कसे?" ती बाजूला येऊन म्हणाली. "झाल्या चकरा?"

"शरदिनी, बस कर. मी चाललोच नाही."

"बरं वाटत नाहीये का आज?"

"आज नाही, काल नाही. दोन महिन्यांत एकही नाही. खाली बसून असतो मी. चारचौघांत पाय अडकतो, लाज वाटते गं."

शरदिनीने हातातली फुलं पाहिली. सात उरली होती. मग ती पुन्हा भिंतीकडे वळली.

"अगं, आता कशाला? तो तेवीस खोटा आहे."

"देवीला मी तेवीस बोललेय," ती वळून न बघता म्हणाली. "तुमचं खोटं झालं. माझं कशाला करू?"

आणि ती रांगेत शिरली.

मास्तर तिच्या मागे गेले. तिला धरून आणायचं, की हात द्यायचा, की पाया पडायचं, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. गाभाऱ्यामागची वाट एका माणसापुरती होती आणि फरशी सपाट. सहाव्या पावलाला पाय चिकटले. शरदिनी पुढच्या कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. मागच्या बायका थांबल्या. घाटावरची लाज आठवून मास्तरांना वाटलं, ती तर काहीच नव्हती.

"क्या हुआ बाबा? आगे बढ़िए ना!" कुणीतरी म्हणालं.

ते भिंतीला चिकटून उभे राहिले. एकेक बाई अंग चोरून पुढे गेली. थोड्या वेळाने मागून ओळखीची, लंगडती पावलं आली. शरदिनीची फेरी पुरी झाली होती. हातात आता सहा फुलं होती.

"तू जा पुढे," मास्तर पुटपुटले.

ती गेली नाही. त्यांच्या मागेच थांबली. तिच्यामागे रांग खोळंबली, बांगड्या वाजायला लागल्या, कुणीतरी ओरडलं. शरदिनीने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती मागे वळली आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"ये हमारे हैं. पैर अटकता है इनका. छूटेगा, तब चलेंगे."