आभाराचं वाक्य

पत्रातलं तिसरं वाक्य कस्तुरीचं स्वतःचं होतं. अर्जात तिनं लिहिलेलं, शब्दन् शब्द तसंच. ‘शेजारच्या आशाकाकू आईला दोन्ही वेळचं जेवण आणून देतात आणि सख्ख्या बहिणीसारखं सांभाळतात.’ त्यापुढे व्हिसा ऑफिसनं आपली भर घातली होती. म्हणून अर्जदार बाईंना भारतात आधार नाही, असं म्हणता येत नाही. अर्ज नामंजूर. अपिलाला अठ्ठावीस दिवस.

लंडनच्या एका लायब्ररीत, भर दुपारी, कस्तुरीनं ते पुन्हा वाचलं. स्क्रीनच्या अर्ध्या भागात हे पत्र होतं आणि उरलेल्या अर्ध्यात साडेसातशे वर्षांपूर्वीच्या एका पोपचं. क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धांच्या काळात पूर्वेकडच्या चर्चना आणि तिथल्या लढवय्या साधूंच्या पंथांना पोपांनी धाडलेली पत्रं वाचायची, हेच तिचं काम. पोपच्या कचेरीची रीत तिला तोंडपाठ होती. कुणी मागणं धाडलं की कारकून आधी ते मागणाऱ्याच्याच शब्दांत उतरवून काढायचा, ‘तुम्ही आम्हाला कळवता की...’, मग एक ‘म्हणून’, आणि मग निकाल. मूळ अर्ज बहुतेकदा हरवलेले. माणसं काय रडली होती, ते या उत्तरांतूनच कळायचं.

स्क्रीनवरचा पोप समुद्रकाठच्या एका लहानशा गावच्या बिशपला लिहीत होता. गावाभोवती वेढा पडायच्या बेतात होता आणि बिशपनं माणसं मागितली होती. पण स्वभावानं भला माणूस, त्यानं जाताजाता जवळच्या किल्ल्यातल्या लढवय्या साधूंचे आभारही मानले होते. उत्तर आलं, ‘तुम्ही कळवता की हे बांधव तुमचं मायेनं रक्षण करतात, म्हणून तूर्त अधिक काही धाडण्याची निकड दिसत नाही.’ त्या बिशपचं त्यानंतर एकही पत्र सापडत नाही.

गेल्या वर्षी सेमिनारमध्ये हे वाचून दाखवताना कस्तुरी म्हणाली होती, “अहो बिशपसाहेब, मागायला गेलात तर मागा ना! मध्येच आभार कसले मानता?” सगळे पोट धरून हसले होते. त्याच महिन्यात तिनं आईला कायमचं लंडनला आणायचा अर्ज भरला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

बेसिंगस्टोकच्या ऑफिसातून नवऱ्याचा, पुष्करचा, फोन आला. काकूंचं वाक्य काढ, असं त्यानं तेव्हा दोनदा बजावलं होतं आणि ‘दोन वर्षं डबा देतायत रे, एवढं तरी लिहू,’ म्हणून कस्तुरीनं ते ठेवलं होतं. आज त्यानं त्यातलं अवाक्षर काढलं नाही. त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

“सॉलिसिटरशी बोललो. एकच वे आहे. काकूंकडून स्टेटमेंट घे. इथून पुढे त्यांना जमणार नाही, असं, त्यांच्या सहीनं.”

“पण जमतंय ना त्यांना.”

“कस्तुरी, काकू एक दिवस लग्नाला गेल्या, तर आई दोन तास बाथरूममध्ये पडून होत्या.”

“माहितीये मला!” ती ओरडली. पलीकडच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या बाईंनी मान वर करून पाहिलं.

ती जिन्यात आली. आईचं कंबरेचं हाड नुकतं कुठं सांधलं होतं, आणि हल्ली ती गॅस बंद करायलाही विसरायची. पुढच्या वेळी दोन तासांवर भागेल, याची हमी कोण देणार? काकूंना काय सांगायचं, ते कस्तुरीनं मनात तीनदा घोकलं आणि नागपूरला फोन लावला. तिकडे साडेसात वाजले होते.

“जय भीम, काकू.”

“जय भीम, बाई. तुझी आई जेवून राहिली. मऊ खिचडी केली आज. आलं काय पत्र?”

“आलं.” जी बाई दोन वर्षं ताट वाढतेय, तिला ‘मला जमत नाही’ असं लिहून द्या म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि नाही सांगितलं, तर आईचं काय? कस्तुरीला रडू फुटलं. ऐकू जाऊ नये म्हणून तिनं तोंडावर हात दाबून धरला.

“माझं नाव घातलं होतं म्हणे तू,” काकू म्हणाल्या. “साहेबाच्या पत्रात आलं काय?”

“आलंय.”

“खरं? वाच ना मग.”

कस्तुरीनं मराठी करून तेवढं एक वाक्य वाचलं.

“जन्मभर रांधलं, बाई,” काकू म्हणाल्या. “कागदावर कोणी लिहिलं नव्हतं. थांब, स्पीकरवर टाकते. तुझ्या आईलाही ऐकू दे. अन् आता पूर्ण वाच.”

ताट सरकवल्याचा आवाज आला. दोघी जवळ येऊन बसल्या असाव्यात. कस्तुरीनं पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतलं. आशाकाकू. दोन्ही वेळचं जेवण. सख्ख्या बहिणीसारखं.

“म्हणून...” ती थांबली.

“म्हणून काय गं?” आईनं विचारलं. “कधी येऊ मी?”