चौथा नमुना

"आवळ्याभोपळ्याची मोट आहे ही," डॉक्टर म्हणाले. "मेंदूचे आजार आम्ही बघतो. त्यात व्याकरणवाल्यांचं काय काम?"

समोर उभी असलेली भाषेची प्राध्यापिका त्यांची मुलगीच होती. घरी ती बाबा म्हणायची, इथे सर. बोलणी दोन्हीकडे सारखीच खायची. दोन्ही विभागांनी मिळून संशोधन करावं हा प्रस्ताव तिचा, आणि समोर बसलेल्या समितीचे प्रमुख डॉक्टर. आज त्यांची सही झाली नाही, तर सगळं मुसळ केरात.

"थोडा वेळ द्या, सर. एकदा बघा तरी."

"दाखव. पण आधी ते... ते हे ओढ. ऊन डोळ्यांवर येतंय."

तिने पडदा ओढला. विचारावं लागलंच नाही. बाबा 'ते हे' म्हणाले की घरात आई बरोबर चष्मा नाहीतर किल्ली पुढे करायची आणि सगळे खो खो हसायचे. एवढे मोठे डॉक्टर, चमच्या-वाट्यांची नावं कुठे लक्षात ठेवणार!

तिने प्रोजेक्टर लावला आणि भिंतीवर ओळी उमटल्या. वय वाढतं तसं बोलणं कसं बदलतं हे बघायला तिने विद्यापीठातल्या काही वक्त्यांची जुनी-नवी भाषणं उतरवून घेतली होती. नावं झाकली होती. विषयावरून माणूस ओळखू येऊ नये म्हणून इकडची तिकडची सुटी वाक्यंच घेतली होती. कोण कोणता, ते तिचं तिलाच ठाऊक.

"या चौथ्या नमुन्याशी मी अडले," ती म्हणाली. "वाक्यं आखूड होत गेलीत. वस्तूंची नावं गळून तिथे 'ते', 'हे', 'तसलं' येतंय. बाकी कुणाचं असं झालेलं नाही. याचा अर्थ काय, ते मला कळत नाही."

डॉक्टर खुर्चीतून उठले. भिंतीजवळ गेले. चेहऱ्यावरची चेष्टा पार मावळली होती.

"जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेव," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. मग समितीकडे वळले. "हा विसराळूपणा नाही. या माणसाचा मेंदू झिजायला लागलाय, आणि त्याला स्वतःला पत्ता नाही. आमच्याकडे पेशंट येतो तोवर फार उशीर झालेला असतो. हे इतक्या लवकर आम्हाला कधी दिसलंच नव्हतं!"

त्यांनी उभ्या उभ्याच प्रस्तावावर सही ठोकली.

ज्या सहीसाठी मुलीने इतका आटापिटा केला होता, तिच्याकडे तिने पाहिलंही नाही. ती भिंतीवरच्या ओळींकडेच बघत राहिली.

"आता नाव सांग," डॉक्टर म्हणाले. "आजच्या आज त्याला माझ्याकडे पाठव. अजून हातात वेळ आहे, काहीतरी करता येईल. आणि घरचे काय झोपा काढतायत का? रोज कानावर पडत असेल त्यांच्या!"

ती त्यांच्याजवळ गेली. त्यांचा हात हातात घेतला.

"झोपले नव्हते, बाबा," ती म्हणाली. "आम्ही हसत होतो."