सहा बोटं लाकूड

“हलू नका. सुई मणक्यापाशी आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“हलतोय कुठे? खिळा ठोकताना लाकूड हलतं का?” पालथा पडलेला सुतार म्हणाला.

डॉक्टरबाईंना हसू आलं, पण हात ढळला नाही. समोरच्या पडद्यावर सुताराचे मणके दिसत होते. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकून पायात जाणारी नस दाबत होती. चार महिने डाव्या पायात कळ होती. चार महिने त्याचे मोजे लेक घालून देत होती.

अर्ध्या तासाने तो उठून बसला. पाय हलवून पाहिला. कळ नव्हती.

“एवढ्यात नाचू नका. हा आराम बधिर केल्याचा आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “खरा गुण चार-पाच दिवसांत येईल. पण पुन्हा तसंच वाकून काम केलंत तर ऑपरेशन. मणक्यांना स्क्रू लावावे लागतील.”

“किती इंची?”

“काका, चेष्टा नाही. तुमचं कामाचं टेबल किती उंच आहे?”

सुतार उभा राहिला. उंचीला सहा फुटांत दोन बोटं कमी. त्याने कमरेच्या बरंच खाली हात धरून दाखवला.

“एवढं बुटकं? कुणाच्या मापाचं केलंत?”

“आमच्या हिच्या.”

“मग त्यांना म्हणावं, आता जरा तुम्ही सांभाळून घ्या.”

“दोन वर्षं झाली तिला जाऊन.”

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले. मग हळू आवाजात म्हणाल्या, “उंच करा ते टेबल.”

टेबल त्याने लग्नाआधी केलं होतं, स्वतःच्या मापाने. मग बायको आली, चार फूट दहा इंच. पहिल्याच आठवड्यात ती कारखान्यात आली आणि म्हणाली, “तुम्ही रंधा मारा, मी पॉलिश करते.” टेबल तिच्या छातीला लागत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने चारही पाय सहा-सहा बोटं कापले. कापलेल्या तुकड्यांवर सवयीप्रमाणे एक ते चार नंबर टाकले. कुठला तुकडा कुठल्या पायाचा ते कळलं पाहिजे, असं त्याच्या वडिलांनी शिकवलं होतं. मग त्याचं त्यालाच हसू आलं. हे परत कोण जोडणार? त्याने तुकडे बायकोला दिले. “चुलीत घाल.” रात्री जेवताना विचारलं तर ती म्हणाली, “जळले की.”

त्यानंतर एकतीस वर्षं तो वाकून रंधा मारत होता आणि समोर ती ताठ उभी राहून पॉलिश करत होती. आता समोरची बाजू मोकळी होती. तिथला पॉलिशचा डबाही त्याने हलवला नव्हता.

“बाबा, चार लाकडं लावायची पायांखाली. दोन तासांचं काम,” घरी जाताना लेक म्हणाली.

“तिच्या मापाचं तेवढंच उरलंय.”

“आईला उंच टेबल चाललं नसतं, कबूल. वाकलेला नवरा चालला असता का?”



पाचव्या दिवशी सकाळी त्याने स्वतः मोजे घातले. आधी उजवा, मग डावा. मग काढले आणि पुन्हा घातले. शीळ घालत तो थेट कारखान्यात गेला, फळी लावली आणि रंधा चालवला. दहा मिनिटांत डाव्या पायाला मुंग्या आल्या.

त्याने रंधा खाली ठेवला. टेबलावरून एकदा हात फिरवला आणि लेकीला फोन केला. “जावईबापूंना घेऊन ये. टेबल उलटं करायचंय.”

त्याला वजन उचलायची बंदी होती. तो स्टुलावर बसून हुकूम सोडत होता. जावई दिवसभर संगणकापुढे बसणारा. त्याने टेबलाला हात घातला आणि त्याचा चेहरा लाल झाला.

“अहो, टेबल आहे, सासरा नाही. जोर लावा!” सुतार ओरडला.

टेबल उलटं झालं. तेहतीस वर्षांत ते पहिल्यांदाच पालथं पडलं होतं. खालून एक पातळ फळी ठोकलेली होती.

“ही तुम्ही ठोकलीत?” जावयाने विचारलं.

सुताराने वाकून पाहिलं. चार खिळे होते आणि चारही वाकडे. “मी? असले खिळे जगात एकच बाई ठोकायची.”

ती आजारी पडली त्या वर्षी एकदा टेबलाखालून ठोकाठोकीचा आवाज आला होता. काय चाललंय असं त्याने विचारलं होतं. “उंदराचं बीळ बुजवतेय, तुम्ही तुमचं काम करा,” असं उत्तर आलं होतं.

लेकीने फळी उपटली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं तिच्या हातात पडलं. आत सहा-सहा बोटं उंचीचे लाकडाचे चार तुकडे होते. वर त्याच्याच हातचे नंबर.

“जळले म्हणाली होती,” तो पुटपुटला आणि मोठ्याने हसला. डोळे पुसत पुन्हा हसला.

“बाबा, पाठीमागे काहीतरी लिहिलंय. प्रत्येकावर एकच शब्द आहे.”

त्याने नंबर बघून चारही तुकडे जमिनीवर ओळीने मांडले, मग एकेक उलटा केला. बायकोचं गोल अक्षर होतं.

आता. सरळ. उभे. राहा.