लोटलेलं दार

"घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांना बांधतात, तसं हे कानांना काय बांधलंय? आणि ही खुर्ची! टेकलं की आपली गरागरा फिरते."

ताई पुटपुटली ती धाकट्या भावाच्या कानाशी, पण समोरचा माइक चालू होता. काचेपलीकडे यंत्रावर बसलेल्या मुलीनं हसू दाबलं. "मावशी, अजून थोडं कुरकुरा. आवाज छान लागतोय."

भाऊ हसला नाही. भाषा शिकवून शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी तो रेडिओवर 'गाण्याच्या पोटात' हा कार्यक्रम करायचा. लोकांच्या ओठांवरचं एखादं गाणं घ्यायचं आणि त्यातला खोल अर्थ उलगडून दाखवायचा. गाणं चहाच्या पेल्यावर असलं, तरी हा श्रोत्यांना थेट मोक्षाच्या दारात नेऊन सोडायचा.

एकच गाणं त्यानं वर्षभर टाळलं होतं. ताईचं. आपल्या शिवणकामाच्या दुकानात कापड बेतता बेतता ती ते गुणगुणत होती, झगा आत घ्यायला आलेल्या गायिकेनं ते उचललं, आणि आता भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच होतं:

दार लोटलं, कडी नाही लावली
त्या फटीच्या उजेडात हयात मी काढली

श्रोत्यांच्या पत्रांचा ढीग झाला, तेव्हा रेडिओ केंद्राच्या प्रमुख बाईंनी परस्पर ताईलाच बोलावून घेतलं. आता पळणार कुठे?

लाल दिवा लागला.

"श्रोतेहो, लोटणं या शब्दात मोठी गंमत आहे," त्यानं सुरुवात केली. "माणसाला लोटलं की तो दूर जातो. दार मात्र लोटलं की बंद होऊनही उघडंच राहतं. इथं दार म्हणजे मन. आणि न लावलेली कडी? ती करुणा. लोटणाऱ्याच्याही पोटात उरलेली करुणा."

करुणा म्हणून झाल्यावर तो पाणी प्यायला. ताई खुर्ची फिरू नये म्हणून दोन्ही पाय जमिनीला घट्ट रोवून बसली होती. दुकानातून तशीच उठून आलेली. मापाची टेप गळ्यातच राहिली होती.

तीस वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी ती त्याच्या दारात येऊन उभी राहिली होती. नवऱ्याचं घर कायमचं सोडून, हातात एक पिशवी घेऊन. आत मुलीकडची माणसं याला बघायला आली होती, नुकता चहा दिला होता. "आत्ता नको गं," एवढंसुद्धा त्यानं म्हटलं नाही. नुसतं दार लोटलं. पुढं ताई त्याच्या लग्नाला आली, त्याच्या पोरांची झबली तिनंच शिवली. त्या सकाळचा विषय मात्र घरात कुणी काढला नाही. तिनंही नाही.

फोन वाजला.

"सर, मी सुतार बोलतोय. दर रविवारी ऐकतो तुम्हाला. निम्मं डोक्यावरून जातं, पण ऐकतो. आजचं मात्र माझ्या धंद्यातलं आहे म्हणून बोलतो. जुनं दार बिजागरीवर खाली बसतं, नाहीतर चौकट फुगते. मग कडी कोयंड्यापर्यंत पोचतच नाही. तर त्या माणसानं कडी लावली नाही, हे कशावरून? लावायला गेला असेल, बसली नसेल!"

काचेआड मुलगी खळखळून हसली.

"सुतारदादा," भाऊही हसायला गेला, "गाण्यात इतकं शब्दशः..."

"मग बाईंनाच विचारा की! त्या आहेत ना तिथं?"

ताई माइककडे वाकली. "गाण्यातलं दार हो दादा, त्याला कुठल्या बिजागऱ्या," ती म्हणाली. "आणि कडी न लावणारा मनानं चांगला होता. फक्त घाबरट होता."

"असं होय? मग राहिलं," सुतार म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

भावाच्या कानशिलांपासून मानेपर्यंत सगळं तापलं. साठीला टेकलेल्या माणसाला बहिणीनं पदराआड घेतलं होतं, तेही सगळ्या गावादेखत. आणि काही नवीन नव्हतं त्यात. वर्षभर घरोघरी वाजणाऱ्या गाण्यातही तिनं तेच केलं होतं.

दोन मिनिटं उरली होती. समोरच्या कागदावर समारोप तयार होता: 'प्रत्येकाच्या आत एक लोटलेलं दार असतं.' अक्षर सुरेख, शाळेतल्या फळ्यावर असायचं तसं. त्यानं कागद पालथा घातला.

"श्रोतेहो," तो म्हणाला, "सुतारदादांचं बरोबर आहे."

मुलीचं हसू थांबलं. त्यानं माइककडून मान वळवली.

"ताई, मी कडी लावायला गेलो होतो. बसली नाही."

लाल दिवा तसाच होता. ताईनं कानांवरचं ते काढलं आणि मांडीवर ठेवलं.

"ठाऊक आहे रे. दोनदा खटखटली. मी बाहेरच उभी होते."

"मग 'नाही लावली' असं का लिहिलंस?"

ताईनं टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"खरं ते चालीत बसेना," ती म्हणाली.