घर क्रमांक एक

“आमच्यात तसलं कोणी नाही. शेजारी विचारा.” बाईने दार लोटून घेतलं. तिच्याच उंबऱ्याशी पंक्चरच्या सोल्युशनची पिळलेली ट्यूब पडली होती. माझ्यासोबतच्या हसीनाभाभींनी ती पायाने गटारात ढकलली आणि मी फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं.

वस्तीतली पोरं नशेतून सुटावीत म्हणून आम्ही सात बायकांनी समिती काढली होती. सरकारी अनुदान मिळालं, तर समाजमंदिरात रोज डॉक्टर बसणार होता. त्यासाठी आधी घरोघरचा सर्व्हे हवा होता. एकशे चाळीस घरं फिरलो. प्रत्येकाने शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं.

“सगळं खोटं आहे हे,” भाभी म्हणाल्या.

“असू द्या. लोकांच्या पोरींची लग्नं व्हायचीत अजून,” मी म्हटलं.

अर्जाचं उत्तर यायला चार महिने लागले. समाजमंदिराच्या पायरीवर बसून भाभींनी ते मोठ्याने वाचलं: ‘आपल्या वस्तीत व्यसनाधीन तरुण आढळले नसल्याने अनुदान मंजूर करता येत नाही. आपले अभिनंदन.’

“अभिनंदन कसलं, डोंबल!” भाभींनी कागद चुरगळला. “पुन्हा फिरू. या वेळी खरं लिहून घेऊ.”

मी फॉर्मांचा गठ्ठा सोडला. सगळ्यात वर आमच्याच घराचा होता, सर्व्हेला निघण्याआधी मी स्वतः भरलेला. तेव्हा आतल्या खोलीत माझा मुलगा सौरभ तोंडाला सोल्युशनची पिशवी लावून पडला होता, आणि मी लिहिलं होतं, ‘या घरात नशा करणारं कोणी नाही.’

मी पेन उघडलं. परवाच सौरभचं तेरावं झालं. त्या वाक्यात खोडण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.