डाव्या कानामागे

मामांनी वस्तरा पट्ट्यावर चारदा घासला, पाचव्यांदा घासला, आणि मग घासायचं निमित्तही संपलं. समोर स्टुलावर विहाराचे नवे भंते मान खाली घालून बसले होते. खांद्यावर पंचा, पायाशी कोमट पाण्याचं भांडं. मागची पडवी तीच, स्टूलही तेच. डोकं तेवढं दुसरं.

"करा सुरू, मामा," भंते म्हणाले.

बावीस वर्षं, दर पंधरवड्याला, मामांनी याच स्टुलावर थोरल्या भंतेंचं डोकं केलं होतं. थोरले जाऊन दीड महिना झाला. आज मामा आले होते ते शेवटचे. डोकं करायचं, वस्तरा धुवायचा आणि हात जोडून सांगायचं, की आता दुसरा न्हावी बघा. निघताना बायकोनं बजावलं होतं, "काय ते स्पष्ट सांगून या. नाहीतर तिथे गेलात की तोंडात मिठाची गुळणी धरून बसाल." मामांना बोलायचं बजावावं लागतं, हेच नवल. एके काळी त्यांची जीभ वस्तऱ्याहून जास्त चालायची.

पहिल्याच दिवशी त्या जिभेनं घात केला होता. भाचीच्या लग्नाची हकिकत अशी रंगात आली, की थोरल्यांच्या डाव्या कानामागची हरभऱ्याएवढी चामखीळ वस्तऱ्याखाली सापडली. रक्ताचा ओघळ मानेवरून थेट चीवरापर्यंत गेला. मामांच्या पायाखालची जमीन सरकली. थोरल्यांनी तुरटीचा खडा मागून घेतला, जखमेवर दाबून धरला आणि म्हणाले, "मामा, बोला की हवं तेवढं. पुढे काय झालं ते ऐकायचंय मला. फक्त वस्तरा टेकवण्याआधी एक श्वास घेत चला. मीही घेतो."

एवढीच काय ती शिकवण. ध्यानाच्या दालनात मामा कधी बसले नाहीत. मांडी घातली की गुडघे बोंब मारायचे. पण तो एक श्वास त्यांनी दुकानात नेला. वस्तरा हातात धरून मामा थांबले की गिऱ्हाइकं थट्टा करायची, "थांबा, मामांचं इंजिन तापतंय." पुढेपुढे ते घरी बायकोला उलट उत्तर द्यायच्या आधीही थांबायला लागले, आणि थांबल्यावर बहुतेकदा उत्तर द्यावंसंच वाटेना.

थोरले गेले त्या दिवसापासून मात्र तो श्वास पुरता आत जात नव्हता. घ्यायला गेलं की अर्ध्यावरच तुटायचा. बाकीचे शिष्य त्यांच्या प्रवचनांच्या आठवणी काढत. मामांच्या तळहाताला त्यांच्या माथ्याची ऊब आठवायची. मामांना ते डोकं परत हवं होतं, दुसरं काही नको होतं. पण असलं कुणाला सांगणार?

आज त्यांनी तो श्वास घेतलाच नाही. सरळ वस्तरा टेकवला आणि भराभर ओढत सुटले. बघता बघता काम उरकलं. तुरटी फिरवली, पंचा झटकला, आणि वाटेत घोकलेली वाक्यं जुळवत समोर येऊन उभे राहिले.

"भंते, एक सांगायचं होतं."

भंते डोक्यावरून हात फिरवत होते. हात डाव्या कानामागे थांबला. "मामा, इथे राहिलंय वाटतं."

"राहील कसं?" म्हणत मामा वाकले आणि तसेच राहिले. डाव्या कानामागे हरभऱ्याएवढा केसांचा गोल ठिपका जसाच्या तसा होता. भोवती सगळं लख्ख. हात आपल्या जुन्या रस्त्यानं चालला होता आणि नसलेल्या चामखिळीला वळसा घालून पुढे गेला होता.

मामांचे डोळे भरून आले. "चुकलं, भंते. उभ्या जन्मात असं झालं नव्हतं. आत्ता काढतो." त्यांनी वस्तरा उचलला, पण हात काही पुढे होईना.

भंते बोटानं तो ठिपका चाचपत होते. "दालनात मी त्यांच्या मागेच बसायचो," ते म्हणाले. "बारा वर्षं. ते सांगायचे डोळे मिटा, आणि मी चोरून त्यांची ती चामखीळ बघत राहायचो. मन कुठे भरकटलं, की तिच्यावर परत यायचं."

मामांनी वस्तरा भांड्याच्या काठावर ठेवला.

"असू द्या हे. पुढच्या पंधरवड्याला काढा."

"अहो, लोक हसतील तुम्हाला. आणि माझ्या हाताला नावं ठेवतील ते वेगळंच."

"हसू देत. त्याच्या खाली मात्र दोनचार केस राहिलेत खरे, तेवढे नीट करा." भंतेंनी पुन्हा मान खाली घातली. मग आठवण होऊन म्हणाले, "तुम्ही काहीतरी सांगत होतात ना, मामा?"

"काही नाही. पाणी गार झालंय, म्हटलं."

"चालेल मला."

मामांनी बोटं पाण्यात बुडवून केस भिजवले. डाव्या हाताचा अंगठा त्या ठिपक्यावर ठेवला, बावीस वर्षं चामखिळीवर ठेवायचे तसा. वस्तरा उचलला आणि टेकवण्याआधी थांबले.

श्वास आत गेला, पार तळापर्यंत. खालच्या डोक्यानंही घेतला; ते अंगठ्याला कळलं.